न तासलेली साल

३ जानेवारी

धाकट्या,

बावीस वर्षांनी पत्र लिहायचं तर आधी आशीर्वाद लिहावा की खुशाली विचारावी, हे मला ठरवता आलं नाही. तेव्हा दोन्ही गाळते आणि कामाचं लिहिते.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिच्यावर डाफरू नकोस. माझा नंबर तिने स्वतःच शोधून काढला, आणि पहिली दोन मिनिटं मला "आत्या" म्हणावं की "मॅडम" यातच ती बिचारी अडखळत होती. ती म्हणाली, अप्पा गेले अकरा महिने रोज सकाळी अंगणातल्या झाडाच्या सालीचा काढा पितात. चार महिन्यांपासून पोटात कळा येतात, पोट साफ होत नाही, चेहरा पांढरा पडलाय. आणि डॉक्टरांनी "याखेरीज दुसरं काही घेता का?" असं विचारलं की तोंड शिवून बसतात.

हे शेवटचं ऐकून मला नवल वाटलं नाही. पहिलं ऐकून मात्र वाटलं. बाबा तो काढा तापाला द्यायचे. तुला अकरा महिने ताप आहे का?

फोन तू उचलणार नाहीस. पाकीट मात्र फोडशील. लहानपणी माझ्या मैत्रिणींची पत्रं तू वाफेवर धरून उघडायचास, तेव्हा स्वतःच्या नावाचं पाकीट बंद ठेवणं तुला जमायचं नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. डॉक्टरांना काढ्याचं सांग. काढा आजपासून बंद कर. आणि तू जी साल उकळतोस तिचा तळहाताएवढा तुकडा मला पाठव. औषध तपासणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची पंधरा प्रमुख म्हणून. तुला हे सांगायची गरज नाही, कारण तुझं भांडण तिथेच आहे. पण मी निवृत्त झाले आहे, आंधळी झालेले नाही. साल अजून ओळखते.

पत्ता पाकिटाच्या मागे आहे. बदललेला नाही.

– तुझी थोरली बहीण


१५ जानेवारी

धाकट्या,

पार्सल पोचलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला सालीचा तुकडा, चारही बाजूंनी सुतळी, आणि आत चिठ्ठी: "ओळखा." मला तू अहो-जाहो कधीपासून करायला लागलास?

ओळखली. सातवीण. बाहेरून राखी, खडबडीत, त्यावर फिकट ठिपके. आतून पिवळसर. मोडली की तुकडा पडतो, सोलून निघत नाही. जिभेच्या टोकाला लावली तर अर्धा तास साखर गोड लागेना. नमुना तोंडात घालू नये, हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना बजावलं. आता मला बजावणारं कुणी नाही.

पान पाठवलं नाहीस, पण ते मी विसरलेले नाही. एका पेरावर सात पानं चक्रासारखी. त्या पानांवर मी सातचा पाढा पाठ केला, आणि ज्या डहाळीला सहाच पानं असत तिला तू "नापास" म्हणून ओरडायचास.

ओळख पटली हे ठीक. पण तुकडा भिंगाखाली धरल्यावर मला काही प्रश्न पडले. ही साल ताजी आहे, फार तर आठ दिवसांपूर्वी काढलेली. तिच्यावरचा खवला तसाच आहे. बाबा साल थंडीत काढायचे, वरचा राखी थर पात्याने तासून टाकायचे, आतली साल सावलीत वाळवायचे आणि वर्षभर बरणीत ठेवल्याशिवाय हात लावायचे नाहीत. बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवण्याचं काम माझं होतं, म्हणून नक्की सांगते. असली ओली, न तासलेली साल त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. तू घाईघाईने खोडाचा हाताला लागेल तो तुकडा काढून धाडलास, असं मी धरून चालते.

दुसरं, मात्रा. बाबा दवाखान्यात कंपाउंडर. घरच्या काढ्याच्या बाटलीवरसुद्धा कागदाची कातरलेली पट्टी लावायचे. सहा खुणा, तीन दिवस, मग बाटली परत. पोटुशी बाई आली तर दारातूनच परत पाठवायचे. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण बरोबर होतं. या सालीत अल्कलॉइड नावाची कडू द्रव्यं असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठी मात्रा यकृताला आणि गर्भाला बाधल्याचं मी वाचलं आहे. थोडी मात्रा थोडे दिवस घेतली तर काय होतं, यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत. रोज एक कप अकरा महिने घेतला तर काय होतं, यावर कुणी बोललेलं नाही, कारण असं कुणी केलेलं नाही.

तू का केलंस?

आणि काढा कोणत्या भांड्यात उकळतोस? कल्हईच्या असेल तर कल्हई कुणी केली? हसू नकोस. नीट उत्तर दे.

– ताई


२८ जानेवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. बावीस वर्षांत तू प्रथमच मला चार ओळी लिहिल्यास, आणि त्यात माझाच बावीस वर्षांपूर्वीचा रिपोर्ट उतरवून काढलास. "नमुना: ताजी साल, न तासलेली. निष्कर्ष: सेवनास अयोग्य. ज्या सालीला अयोग्य म्हणालीस तीच पितो. घाईत धाडलेली नाही. अजून जिवंत आहे. पातेलं स्टीलचं."

मी कार्ड टेबलावर उपडं ठेवलं, दोन तास घर आवरलं, आणि मग परत वाचलं.

म्हणजे तू काढा घेत नाहीस. तू मला उत्तर देतो आहेस, रोज सकाळी एक कप. बाबांची रीत तुला माझ्याइतकीच पाठ आहे. खवला तूच तासायचास, मी फक्त चिठ्ठ्या लिहायची. ती रीत सोडून, माझ्या कागदावर लिहिलेली साल तू मुद्दाम शोधून उकळलीस. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला दुसरा उद्योग नव्हता का? एका माणसाने काही पिऊन तो जगला यावरून औषधाचं काही सिद्ध होत नाही. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तू आराखडे काढत होतास, तुला माफ आहे.

आता राग बाजूला ठेवते, कारण मला एक गोष्ट कळत नाहीये आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

तुझ्या लेकीने तुझ्या तपासण्या मला फोनवर वाचून दाखवल्या. ही साल इतके दिवस घेऊन बाधली असती तर सगळ्यात आधी यकृत कुरकुरलं असतं, असा माझा अंदाज होता. तुझं यकृत उत्तम आहे. उलट रक्त कमी झालंय, हिमोग्लोबिन घसरलंय. पोटात कळा, पोट गच्च. हे सातवीणीचं चित्र नाही. निदान मला माहीत असलेलं नाही. मी दोन दिवस जुनी पुस्तकं काढून बसले. सालीचे गुण ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्यात काढलेली साल जास्त जहाल निघाली, असं एका अभ्यासात सापडलं. वाचून मी पुस्तक मिटलं. बाबा थंडीतच का काढायचे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. "जुन्या समजुती" एवढंच म्हणायची.

पण तेही तुझ्या दुखण्याला लागू पडत नाही. तेव्हा साल नव्हे, सालीवर काय बसलंय ते पाहायला हवं. घराच्या पायात वाळवीचं औषध घातलं होतं का? खोडाला कुणी रंग, चुना फासलाय का? गटार कुठून जातं? शेजारी काय आहे? पूर्वी तिकडे मोकळा प्लॉट होता.

तुला शब्द आवडत नाहीत हे कार्डावरून कळलं. मग नकाशा काढ. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे काढलेस, एक आपल्या अंगणाचा काढ. मापासह.

काढा बंद केलास का, हे विचारत नाही. केला नसशील.

– ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

नकाशा आला. टेबलावर चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवून मी तो पसरला आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही.

अंगण, न्हाणीघराची मोरी, खोडाचा घेर, कुंपणाची भिंत, भिंतीपासून खोडाचं अंतर सव्वा मीटर. उत्तरेची खूण, प्रमाण, सगळं जिथल्या तिथे. आणि भिंतीपलीकडे, जिथे मोकळा प्लॉट होता, तिथे एक चौकोन. आत तुझ्या बारीक अक्षरात: "बॅटरी दुरुस्ती, चार वर्षं. पत्र्याचं छप्पर. भट्टी मागच्या बाजूला." मागची बाजू म्हणजे आपल्या झाडाची बाजू.

त्याबद्दल लिहितेच. त्याआधी दुसरं.

तुझ्या रेषेत कंप आहे. छोट्या रेषा ठीक आहेत. भिंतीची लांब रेष मात्र तीन ठिकाणी खाली उतरली आहे, आणि प्रत्येक वेळी तू हात उचलून परत टेकवला आहेस. शाईचा ठिपका दिसतो. तू एका दमात मीटरभर रेष ओढायचास आणि वर माझ्याकडे बघायचास. म्हातारपण म्हणशील. म्हातारपणाने रेष थरथरते, गळत नाही. आता मी सांगते ते कर. उजवा हात समोर धर, तळवा जमिनीकडे. आता मनगटातून पंजा वर उचल. डाव्या हाताने आधार द्यायचा नाही. उचलला जातो का ते लेकीला पाहू दे. तिला तुझ्या हिरड्याही पाहू दे. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ आहे का? लाजू नकोस, तुझे दुधाचे दात मी पाडले आहेत.

आणि मला चार पुड्या हव्यात. भिंतीकडची साल, घराकडची साल, भिंतीकडची पानं, घराकडची पानं. पानं पुसायची नाहीत, धुवायची नाहीत. वेगवेगळ्या कागदांत, प्रत्येकावर नाव. आणखी एक पाचवी पुडी: गावाबाहेर कुठेतरी, रस्त्यापासून लांब असलेल्या सातवीणीची साल. लेकीला पाठव. तुलना करायला काही नसेल तर तपासणीला अर्थ नाही.

त्या बॅटरीवाल्याचा धूर कोणत्या वेळी येतो, वाऱ्यावर धुळीचा वास कसा असतो, भट्टीत तो नक्की काय वितळवतो? तू चार वर्षं खिडकीतून पाहिलं असशील. मला सगळं लिही. कितीही लांब झालं तरी चालेल.

– ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी उभ्याने लिहिते आहे, कारण पोस्टाची पेटी पाचला उघडतात.

पाचही पुड्या घेऊन मी जुन्या प्रयोगशाळेत गेले. तिथे आता माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी प्रमुख आहे. मुलगी म्हणते, तिचेही केस पिकले. तिने विचारलं, "मॅडम, मशीनवर लावू?" मी म्हटलं, मशीनवर लाव, पण आधी मला माझ्या पद्धतीने बघू दे.

पानांवरची धूळ आणि सालीचा खवला वेगवेगळा जाळून, आम्लात विरघळवून, गाळून घेतला. त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब. गावाबाहेरच्या सालीत काही नाही. घराकडच्या बाजूला थोडी पिवळसर झाक. भिंतीकडच्या नळीत एकदम हळदीसारखा पिवळा साका. पिवळा रंग दुसऱ्या कारणानेही येतो, म्हणून मी नळी तापवली. रंग विरघळून पाणी नितळ झालं. मग ती गार व्हायला ठेवली आणि आम्ही दोघी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. हळूहळू आत सोनेरी चकत्या तरंगायला लागल्या, उन्हात धूळ चमकते तशा. शाळेतल्या मुलांना दाखवतात तो हा प्रयोग. इतका सुंदर आहे की मी क्षणभर विसरले, हे तू पितोस.

शिसं. दुसऱ्या दिवशी मशीनने तेच सांगितलं. बॅटऱ्या फोडून आतल्या शिशाच्या पट्ट्या वितळवल्या की ते धुरातून उडतं, भिंत ओलांडून पानांवर बसतं, पावसाने खोडावर उतरतं आणि खवल्याच्या भेगांत साठतं. खवल्याखालच्या आतल्या सालीत जवळजवळ काही नाही. तू खवल्यासकट उकळलीस. अकरा महिने, आता जवळजवळ तेरा.

तुझी लेक म्हणाली, मनगट उचलत नाही आणि हिरड्यांवर रेघ आहे.

हा काढा शेवटचा. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा आणि "रक्तातलं शिसं तपासा" एवढे शब्द म्हण. बाकी त्यांना कळेल. यावर औषध आहे. मनगट परत येतं, वेळेत गेलास तर.

– ताई


२ मार्च

धाकट्या,

तू गेला नाहीस.

लेक रडत होती. माझं पत्र वाचून तू म्हणालास म्हणे, "हाही तिचाच रिपोर्ट. आधी बाबांना संपवलं, आता झाडाला संपवते आहे." आणि पातेलं घासून पुन्हा गॅसवर चढवलंस.

तुला माझ्यावर विश्वास ठेवायला लावील असं माझ्याकडे एकच आहे. ते मी आजवर कुणाला दिलेलं नाही. नीट वाच.

त्या वर्षी एका बाईला काढा घेऊन उलट्या झाल्या आणि तिने तक्रार केली. निरीक्षक घरी आला, तेव्हा बाबा दवाखान्यात होते, बरणी कपाटात कुलुपात होती. त्याने अंगणात जाऊन खोडावरची साल सुरीने काढली, पाकिटात घातली, आणि नमुना माझ्या टेबलावर आला. अर्जावर बाबांचं नाव होतं. नियम असा आहे की नातेवाइकाचं प्रकरण दुसऱ्याकडे द्यायचं. माझा हाताखालचा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, हे मी करतो." मी नाही म्हटलं. मी सोडून दिलं असतं आणि तो नमुना पास झाला असता, तर सगळ्यांनी म्हटलं असतं की बाईने बापाला वाचवलं. ते मला सहन होणार नव्हतं.

मी पाकीट उघडलं. साल ओली होती, न तासलेली होती, आणि एप्रिल महिना होता. हे बाबांचं औषधच नव्हे, हे मला पहिल्या नजरेत कळलं. प्रयोगशाळेत तेव्हा हे कळू शकेल असं माणूस एकच होतं, ती मी. "नमुना औषधाचा प्रतिनिधी नाही, बरणीतला नमुना आणावा" असं एक वाक्य लिहून पाकीट परत करायला हवं होतं. मी ते लिहिलं नाही. मी जसंच्या तसं वर्णन केलं, ताजी साल, न तासलेली, आणि अयोग्य लिहून सही केली. त्या रिपोर्टातला प्रत्येक शब्द खरा आहे. तरी तो रिपोर्ट लबाड आहे, आणि हे मला सही करतानाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले होते. बाबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सही सुवाच्य आहे." त्या कागदावर त्यांचा काढा बंद झाला. फाटकाशी तू मला अडवलंस. तुला वाटलं मी शास्त्र मिरवते आहे. मी घाबरलेली होते. दोन वर्षांनी ते गेल्याचं छापील कार्ड आलं, तेरावा झाल्यानंतर, आणि मी ते योग्यच मानलं.

तेव्हा तू बरोबर होतास. तो रिपोर्ट आता कुणी खोटा ठरवण्याची गरज नाही. जिने लिहिला तिनेच ठरवला. मी प्रयोगशाळेला लेखी कळवलं आहे, त्याची नक्कल सोबत जोडली आहे. शिक्का पाहा.

आता पातेलं उतरव. बाबांच्या बाजूने लढायचं होतं ना? मग ऐक. बाबांनी खवला तासला नसता तर तेव्हाच हे घर बसलं असतं, असं मी म्हणत नाही, कारण तेव्हा भट्टी नव्हती. पण तुझ्या हातात त्यांचं पातं होतं आणि तू ते बाजूला ठेवलंस, माझ्यासाठी. बावीस वर्षांत माझं इतकं कुणी ऐकलेलं नाही. उपकार कर आणि आता ऐकू नकोस, बाबांचं ऐक.

– ताई


११ मार्च

धाकट्या,

लेकीचा फोन आला. गेलास. रक्तातलं शिसं डॉक्टरांना दोनदा तपासावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना मशीन बिघडलंय असं वाटलं. आता पाच दिवस दवाखान्यात, मग घरी औषध. लघवीतून शिसं उतरवतात ते. भरपूर पाणी पी आणि नर्सला आराखडे समजावून सांगू नकोस.

एक काम अजून आहे, आणि ते तुझंच आहे, कारण शेजार तुझा. त्या बॅटरीवाल्याला सांगितल्यावर तो म्हणाला म्हणे, "काका, मी रोज हातात घेतो, मला काय झालंय?" लेकीने त्याला विचारलं, पोट साफ होतं का? तेव्हा तो वळून भट्टीकडे बघायला लागला. त्याची बायको आणि लहान मुलगी मागच्या खोलीतच राहतात ना? भिंतीला लागून? तिघांचं रक्त तपासून घ्यायला लाव. मुलीचं आधी. लहान मुलांना हे थोडंसंही पुरतं. त्याच्यावर ओरडू नकोस. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भट्टी आधी बंद, मग बाकीचं बोलणं. नियम कुठला लागतो आणि अर्ज कुठे करायचा, ते मी वेगळ्या कागदावर लिहिलं आहे.

कळा थांबल्या का?

– ताई


३० मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्रच, कार्ड नव्हे. पेन्सिलने, डाव्या हाताने, आणि तरी ओळी सरळ. खाली पट्टी ठेवून लिहिलंस, दिसतं.

मनगट अर्धं उचलतं, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि एक ग्लास पाणी प्यायले. बॅटरीवाल्याची मुलगी औषधावर आहे आणि भट्टी गावाबाहेर हलली, हेही वाचलं. झाड तोडावं का, असं विचारलंस. नाही. त्याने काही केलेलं नाही. भिंतीकडची पानं एकदा पाण्याने धुवून काढ, ते पाणी अंगणात सोडू नकोस, वरची माती उचलून टाक. खालचं पान तोडून कुणाला देऊ नकोस.

मग शेवटी तू मुख्य प्रश्न विचारला आहेस. "आता तूच सांग. बाबांचं औषध चांगलं होतं की वाईट?"

चार दिवस मी या प्रश्नासमोर बसले आहे. आधी मला वाटलं, हो म्हणावं. मी तुझं इतकं देणं लागते. मग वाटलं, हो म्हटलं तर ती दुसरी लबाडी होईल, आणि या वेळी गोड.

मला माहीत नाही.

हे वाक्य एकतीस वर्षांत मी एकाही कागदावर लिहिलेलं नाही. आमच्या छापील तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. योग्य किंवा अयोग्य. मला एवढंच माहीत आहे की साल कडू आहे आणि अनेक देशांत लोक ती तापाला देत आले. जास्त दिली तर बाधते. पोटुशीला देऊ नये. बाबांनी तासलेली, थंडीतली, वर्षभर वाळलेली साल, त्यांच्या मात्रेत, माणसाचा ताप उतरवते की ताप आपोआप उतरतो आणि श्रेय तिला मिळतं, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. मीही नाही. माझ्याकडे संधी आली होती.

निदान तिच्यात काय आहे, एवढं तरी पाहता येईल. प्रयोगशाळेतली ती मुलगी तयार आहे. गावाबाहेरच्या झाडाची साल घ्यायची, बाबांच्या पद्धतीने करायची आणि ताज्या, न तासलेल्या सालीशेजारी ठेवायची. वाळायला वर्ष लागेल. लागू दे. तोवर कुणीही काहीही उकळून पिणार नाही, यावर माझा भरवसा नाही, म्हणून मी स्वतःच येणार आहे.

अडचण एकच आहे. खवला किती तासायचा, हे बाबांनी कधी लिहून ठेवलं नाही. "राखी संपून पिवळं लागलं की" एवढंच म्हणायचे, पण पिवळं लागल्यावरही ते अजून दोन वेळा पातं फिरवायचे. का ते मला माहीत नाही. मी चिठ्ठ्या लिहीत होते, माझं लक्ष बरणीकडे असायचं. पातं तुझ्या हातात असायचं.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. स्टँडवर येऊ नकोस. जेवण लेकीला सांगते, तू स्वयंपाकघरात जायचं नाहीस. पातं परजून ठेव, पण मी येईपर्यंत झाडाला लावू नकोस. मनगट दुखलं तर थांबू, एक वीतभर साल झाली तरी पुरे.

तुझा हात नेमका कुठे थांबतो, ते मला बघायचं आहे.

– ताई